मंदारचं निरोगी रक्त

मे महिन्यातली दुपार. मद्रासच्या मीनंबाक्कम विमानतळावरच्या एअर कार्गो शेडमध्ये पंखे फिरत होते, पण नुसती गरम हवा इकडची तिकडे करत होते. काउंटरपलीकडे, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, थर्माकोलचा एक पांढरा खोका घाम गाळत बसला होता... आणि अलीकडे, त्याच्याहून जास्त घाम गाळत, विद्युलता राव उभी होती.

"सही करणारे साहेब जेवायला गेलेत," कारकून तमिळमध्ये म्हणाला. "उद्या रविवार. सोमवारी या."

"सोमवारपर्यंत आतला सगळा बर्फ वितळेल. खोक्यात नुसतं पाणी उरेल!"

"मग पाणी न्या."

विद्युलतानं ओढणी कमरेला खोचली, काउंटरवर तळहात टेकला आणि सरळ वर चढून बसली. रांगेतले लोक बघायला लागले. कारकुनाचा चहाचा पेला हातातच राहिला.

"साहेब येईपर्यंत मी इथनं हलणार नाही," तिनं जाहीर केलं, आणि मग स्वतःशीच, घरच्या बोलीत पुटपुटली, "अस्के मेले एकासारखे एक!"

"अस्के म्हणजे काय हो?"

मागून आवाज आला. तिनं वळून पाहिलं. राखाडी रंगाचा कारखान्याचा शर्ट, हातात कागदांची गुंडाळी, उन्हानं रापलेला चेहरा... आणि डोळ्यांत चक्क हसू.

"अस्के म्हणजे सगळे," ती तुटक म्हणाली.

"म्हणजे तुम्ही मराठी बोललात ना? म्हणजे... जवळपास मराठी?"

"जवळपास?" विद्युलताचे कान तापले. "आम्ही तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आलो, ते मराठी घेऊनच. तुमची तिकडची बिघडली असेल नंतर!"

"असेलही," तो शांतपणे म्हणाला. "मी मंदार. इचलकरंजीचा. श्रीपेरुंबुदूरला गाड्यांचे सुटे भाग बनवतो. माझाही एक खोका अडकलाय, पण त्यात लोखंड आहे, ते काही वितळत नाही. तुमच्यासाठी बर्फ आणू?"

उत्तराची वाट न बघता तो गेला. आला तेव्हा शर्ट पुढून ओला झाला होता आणि दोन्ही हातांत, गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी. रस्त्यावरच्या उसाच्या रसाच्या गाडीवरून उचललेली. कारकून 'नाही, नाही' म्हणेपर्यंत तिनं काउंटरवरूनच हात घालून तिचे तुकडे खोक्याभोवती रचलेही. साहेब जेवून आले, त्यांनी काउंटरवर बसलेली मुलगी पाहिली, टेबलावरून वाहणारं पाणी पाहिलं आणि मुकाट्यानं सही केली.

बाहेर रिक्षाची वाट बघताना मंदारनं खोक्याकडे बोट दाखवलं. "एवढं भांडलात, त्यात आहे तरी काय?"

"साखर धरणाऱ्या प्रथिनाचं जनुक. जिवाणूतलं."

"आणि मराठीत?"

ती हसू आवरत म्हणाली, "जिवाणूला साखर हवी असते. साखर बाहेर, तो आत. म्हणून तो दाराशी एक प्रथिन ठेवतो. माल्टोज नावाची साखर दिसली की ते झडप घालून धरतं आणि आत पोचवायला देतं. आम्ही त्या प्रथिनाचं जनुक घेतो आणि आमच्या कामाच्या प्रथिनाला जोडतो."

"कशाला?"

"मी हत्तीरोगाच्या जंतावर काम करते. त्या जंताचं एक प्रथिन हवंय, रक्ताच्या तपासणीसाठी. पण ते एकटं बनवलं की नासक्या दुधासारख्या गुठळ्या होतात. ह्या साखरवाल्याला जोडलं की नीट विरघळून राहतं. शिवाय स्टार्चच्या मण्यांमधून ओतलं की हा मण्यांना धरून बसतो, बाकी घाण वाहून जाते. मग वरून साखरेचं पाणी सोडायचं. साखर दिसली की मणी सोडून देतो, आणि शुद्ध माल आपल्या हातात."

"साखर दिसली की आधीच्याला सोडून देतो?" मंदारनं मान हलवली. "फार बेभरवशाचा आहे. आमच्याकडे चारी बाजूंनी साखर कारखाने, पण आम्ही एकदा धरलं की सोडत नाही."

रिक्षा आली. तिनं खोका मांडीवर घेतला. रिक्षा वळली तेव्हा त्याचा नंबर तिच्या मोबाइलमध्ये होता. मागितला कुणी, दिला कुणी, ह्यावर पुढे दोघांचं कधीच एकमत झालं नाही.

मग रविवार आले. मैलापूरच्या देवळाच्या तळ्याजवळच्या हॉटेलात कॉफी. ती त्याला डबऱ्यातून, म्हणजे तिकडच्या पसरट वाटीतून, पेल्यात आणि पेल्यातून डबऱ्यात कॉफी उंचावरून ओतायला शिकवायची. तो निम्मी टेबलावर सांडायचा. तो तिच्या मराठीतले जुने शब्द पकडायचा. ती 'सांगितलं'ला 'सांगट्लें' म्हणाली की तो हसायचा, आणि तो दर वाक्याला 'भारी' म्हणाला की ती विचारायची, "किती किलो?" 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. एकदा नोव्हेंबरच्या पावसात तिरुवान्मियूरच्या स्टेशनाखाली दोघं अडकले होते. तिच्या चष्म्यावर थेंब साचले. त्यानं न विचारता चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत लावला... कानामागे बोटं क्षणभर थांबली. पावसाचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला.

घरी अम्माला वास लागलाच. "तो पुण्याकडचा का गे?"

"इचलकरंजीचा."

"तें तिकडंच. ते लोक आपल्याला मद्रासी म्हणतात. आपल्यांतलं एक स्थळ आलंय, कुंभकोणमचं. मुलगा बँकेत आहे."

"मी बघणार नाही."

"बघायला काय जातं?"

"माझा रविवार जातो," विद्युलता म्हणाली. अप्पा, म्हणजे वादिराज राव, पेपरामागे हसले. अम्मानं पाहिल्यावर खोकले.

तिकडे मंदारची आई फोनवर विचारत होती, "राव म्हणजे तेलुगू ना रे?" "मराठी आहे, आई." "मद्रासमध्ये कुठले मराठी?" दोन्ही घरांना दुसरं घर पुरेसं मराठी वाटत नव्हतं. ह्यावर ती दोघं खूप हसली. पण ते हसणं जरा पुढे ढकललेल्या भांडणासारखं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

प्रयोगशाळेत सगळं छान चाललं होतं. फार छान. साखरवाल्याला जोडलेलं जंताचं प्रथिन छोट्या छोट्या वाट्यांच्या प्लेटवर बसवायचं, वर रुग्णाचं रक्तद्रव घालायचं; रोग असेल तर वाटी पिवळी होणार. मद्रासजवळच्या एन्नोरच्या कोळीवाड्यांतल्या रुग्णांच्या रक्तानं वाट्या हळदीसारख्या पिवळ्या व्हायच्या. तिचे गाइड डॉ. राममूर्ती पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. सगळं आयुष्य त्यांनी ह्या जंताच्या मागे घालवलं होतं. महिनाअखेरीस संस्थेच्या वार्षिक आढाव्यात ही तपासणी जाहीर करायची, एक कंपनीही बघायला येणार, असं त्यांनी ठरवलं होतं.

"सर, निरोगी लोकांचं रक्त कमी तपासलंय," विद्युलता म्हणाली. "जिथं हा रोगच नाही अशा भागातली माणसं हवीत."

"मद्रासमध्ये अशी माणसं कुठून आणणार?"

विद्युलताला मात्र ती नेमकी कुठं राहतात ते माहीत होतं.

त्या शनिवारी मंदार त्याच्या वेलाचेरीच्या फ्लॅटमधली सगळी मंडळी घेऊन आला. त्याच्या खोलीतला अनिकेत होता, सांगलीचे दोघे होते, कराडचा एक. रीतसर संमतीच्या सह्या झाल्या. संस्थेच्या नर्सबाईंनी सुया काढल्या.

"बघू नकोस तिकडे," विद्युलता मंदारला म्हणाली.

"मग कुणाकडे बघू?"

"...माझ्याकडे बघ."

त्यानं पाहिलं. नर्सबाई आपलं काम करून कधीच पुढच्याकडे गेल्या होत्या, तरी तो बघतच होता. अनिकेत मोठ्यानं खाकरला.

सोमवारी तिनं प्लेट लावली. आधी एन्नोरच्या वाट्या पिवळ्या झाल्या. मग सांगलीच्या, अगदी फिकट. आणि मंदारची... मंदारची वाटी हळूहळू रंगली आणि रंगतच गेली. रुग्णाइतकी पिवळी.

म्हणजे मंदारला हत्तीरोग? तिनं प्लेट पुन्हा लावली. पुन्हा तेच. मग शेजारच्या टेबलावरची कनका, तिच्याच बॅचची मैत्रीण, म्हणाली, "नुसतं साखरवालं प्रथिन बसवून बघ ना. जंताशिवाय."

तिनं बघितलं. जंत नाही, काही नाही, फक्त साखर धरणारं प्रथिन. मंदारची वाटी तशीच पिवळी. आणि एन्नोरच्याही कितीतरी वाट्या!

ती स्टुलावर बसूनच राहिली. मग हसायला लागली, मग डोळ्यांत पाणी आलं. मंदारला काही झालं नव्हतं. साखरवालं प्रथिन ज्या जिवाणूचं, तो तर प्रत्येक माणसाच्या आतड्यात असतो. त्याची ओळख शरीराला असतेच, कुणाला कमी, कुणाला जास्त. रक्त जंताला ओळखत नव्हतं, त्याच्या सोबत्याला ओळखत होतं. प्रथिन घडवायला, गाळून घ्यायला ज्याची इतकी मदत झाली, तोच तपासणीत खोटी साक्ष देत होता.

डॉ. राममूर्तींनी आकडे बघितले. बराच वेळ बघितले.

"ही मुलं मद्रासला किती महिने राहतायत? डास चावले असतील."

"नुसत्या साखरवाल्यावरसुद्धा रंग येतोय, सर."

"ते आढाव्यात दाखवायची गरज नाही. नंतर सुधारू."

"नंतर म्हणजे कधी? एन्नोरला कुणाला सांगायचं का, तुला हत्तीरोग आहे म्हणून? नसताना? तिकडे मुलींची ठरलेली लग्नं मोडतात, सर, नुसत्या संशयानं."

त्यांनी चष्मा काढला. "विद्युलता, माझ्याकडे एकच वर्ष उरलंय. तुझ्या फेलोशिपच्या मुदतवाढीवर माझी सही लागते, हे लक्षात ठेव."

"लक्षात आहे, सर. पण मी बोलणार असेन तर हा निकाल दाखवूनच बोलेन. नाहीतर माझं नाव काढून टाका."

हे सगळं तिनं त्याच संध्याकाळी, बेझंट नगरच्या समुद्रावर, मंदारला सांगितलं. तिला वाटलं होतं तो टाळी देईल. तो वाळूत रेघा ओढत बसला.

"माझी बदली झाली," तो म्हणाला. "चाकणला. जानेवारीत जायचंय. मी आज तेच सांगायला... विद्यु, कशाला भांडतेस त्या म्हाताऱ्याशी? तो म्हणतो तसं करून टाक, डिग्री घे आणि चल माझ्याबरोबर पुण्याला. तिकडे लॅब नाहीत का?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. वारा केस तोंडावर आणत होता, तिनं ते बाजूला केले नाहीत.

"खोटी डिग्री घेऊन?"

"खोटी कुठं? सगळेच थोडंफार—"

"अस्के करतात म्हणून मी करू?" ती उठली. "मी तुझ्यासाठी अम्माशी भांडत्येय, आणि तू मला सांगतोस भांडू नकोस? तुला भांडणारी मुलगी नको होती, तर त्या दिवशी बर्फ कशाला आणलास?"

"विद्यु, ऐक—"

"मी हे काम अर्ध्यात टाकून कुठंही येणार नाही. पुण्याला नाही, स्वर्गात नाही. तू जा."

ती चपला हातात घेऊन वाळूतून निघाली. मागं वळली नाही. वळली असती तर तो उभा दिसला असता. पण तो मागे आला नाही, हे पावलांचा आवाज न आल्यावरून तिला कळत होतं, आणि तेच फार लागलं.

आढाव्याच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. समिती, कंपनीचे टाय लावलेले दोघे, पहिल्या रांगेत डॉ. राममूर्ती. विद्युलतानं कपाटातली अम्माची निळी कांजीवरम नेसली होती, न विचारता. पिवळ्या वाट्यांचं चित्र आलं, कौतुकाची कुजबुज झाली. मग तिनं पुढचं चित्र लावलं.

"ह्या वाट्यांमध्ये जंताचं प्रथिन नाहीच," ती म्हणाली. "फक्त साखर धरणारं जिवाणूचं प्रथिन आहे. आणि तरी त्या पिवळ्या आहेत. म्हणजे आमची तपासणी आज जशी आहे तशी वापरता येणार नाही. हे प्रथिन फार उपयोगी आहे, त्याच्याशिवाय मला हे काम करताच आलं नसतं. पण शेवटी त्याला कापून वेगळं करायलाच हवं."

टायवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "कापल्यावर जंताचं प्रथिन पुन्हा नासलं तर?"

"तर तेही तुम्हाला येऊन सांगेन."

बाईंनी डॉ. राममूर्तींकडे पाहिलं. म्हातारा उठला, आणि दार न आपटता, शांतपणे बाहेर गेला. ते दार आपटलं असतं तर बरं, असं तिला वाटलं.

त्यानंतर ते तिच्याशी बोलेनासे झाले. सहीही झाली नाही. ती तरीही रोज येत राहिली. कात्रीसारखं काम करणारं एक एन्झाइम होतं. ते बरोबर दोन प्रथिनांच्या सांध्यावर कापायचं. कापलं की साखरवाला एका बाजूला, आणि जंताचं प्रथिन... गुठळ्या. तिनं थंडी वाढवली, मीठ बदललं, एन्झाइम कमी केलं. गुठळ्या. कनका तिचा डबा उघडून समोर ठेवायची, तेव्हा ती जेवायची.

मग एका सकाळी नळीतलं पाणी निवळशंख राहिलं. थोडंसंच होतं, पण एकटं, स्वतःच्या पायावर, विरघळलेलं. तपासायला आता ताजं निरोगी रक्त हवं होतं. नंबर मोबाइलमध्ये होता. तिनं तो काढला, बघितला आणि मोबाइल बंद करून ठेवला. नाही म्हणजे नाही.

दुपारी फाटकावरच्या वॉचमननं फोन केला. "मॅडम, कुणी आलंय. बाही वर करून उभा आहे."

ती धावत नाही गेली. चालत गेली, पण भरभर.

मंदार झाडाखाली उभा होता. दाढी वाढलेली.

"कनकानं सांगितलं," तो म्हणाला. "रक्त द्यायला आलोय. माफी मागायला नाही."

"का? माफी का नाही?"

"कारण ती पुरणार नाही." त्यानं बाही आणखी वर सारली. "मी घाबरलो होतो, विद्यु. तू हरशील म्हणून नाही. तू जिंकलीस तर इथंच राहशील, म्हणून."

तिला हसूही आलं आणि रडूही. "हात पुढे कर," ती एवढंच म्हणाली.

त्या संध्याकाळी दोघं प्लेटकडे बघत बसले. एन्नोरच्या वाट्या एकेक करून पिवळ्या झाल्या. मंदारची वाटी... पाण्यासारखी. थांबले. अजून पाण्यासारखी. मागे पावलं वाजली. डॉ. राममूर्ती कधी येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक. त्यांनी वाकून प्लेट बघितली, मग मंदारकडे बघितलं, जणू तोही एक नमुना होता.

"उद्या पुन्हा करून बघ," ते म्हणाले. "आणि तो मुदतवाढीचा फॉर्म माझ्या टेबलावर ठेव." दारापर्यंत जाऊन थांबले. "तू फार हट्टी आहेस."

"हो, सर."

ते गेल्यावर विद्युलतानं हातमोजे काढले. "चल."

"कुठं?"

"मैलापूरला. घरी."

"आत्ता? असा? दाढी न करता?"

"आत्ताच. उद्या मला भीती वाटेल."

घरासमोर अम्मा संध्याकाळचा कोलम, पिठाची रांगोळी, काढत होती. पिठाची चिमूट तशीच धरून तिनं दोघांना हातात हात घालून येताना पाहिलं. अप्पा पेपर ठेवून दारात आले.

"हा मंदार," विद्युलता म्हणाली. "मी ह्याच्याशी लग्न करणार आहे." मग मंदारकडे वळली, "तू करणार आहेस ना?"

"म्हणजे... हो!" मंदारचे कान लाल झाले. "हो, नक्की."

"हा जानेवारीत पुण्याला जाईल. मी माझं काम संपेपर्यंत इथंच राहीन. तो येईल, मी जाईन. नंतरचं नंतर. कुंभकोणमला कळवून टाक, अम्मा."

"नवरा एका गावाला, बायको एका गावाला!" अम्माचा आवाज चढला. "आणि तिकडचे लोक तुला मद्रासी म्हणतील, इकडचे ह्याला परका म्हणतील. काय काय ऐकून घेशील गे?"

"अस्कं," विद्युलता म्हणाली. "कुठल्या भाषेत म्हणायचं तेवढं त्यांनी ठरवावं."

आवाज ऐकून शेजारच्या मामी फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. अम्मानं डोळ्यानं खूण केली, हात सोड म्हणून. मंदारची बोटं सैल झालीही... पण विद्युलतानं ती पुन्हा घट्ट धरली, मामींना दिसेल अशी, आणि त्याला घेऊन पायरी चढून आत गेली.